पुण्यात नवीन आलात आणि गाणं ऐकायला जायचंय? मग हे वाचून जा

नोकरीसाठी नाहीतर शिकायला पुण्यात आलेला माणूस दोनेक महिन्यात विचारायला लागतोच, इथे गाण्याचे कार्यक्रम खूप असतात म्हणे, सुरुवात कुठून करू? आणि शंभरातले नव्वद लोक सांगतात, डिसेंबरात सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व महोत्सवाला जा. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. सवाई मोठीच गोष्ट आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय, पण आयुष्यात कधी समोर बसून ख्याल, म्हणजे शास्त्रीय मैफलीतलं मुख्य गाणं, न ऐकलेल्या माणसाला एकदम त्या मांडवात नेऊन बसवलं तर गायक लांब, कान स्पीकरकडे, नजर स्क्रीनकडे आणि लक्ष खाण्याच्या स्टॉलकडे असं होतं, आणि मग तो म्हणतो आपल्याला काय शास्त्रीय झेपत नाही बुवा. तर सुरुवात छोट्या हॉलपासून करा, जिथे गायकाच्या कपाळावरची आठी दिसते आणि तानपुरा नुसता ऐकू येत नाही तर कोणी लावतंय हेही दिसतं. पैसेही बऱ्याचदा लागत नाहीत.

आधी कार्यक्रम शोधायचे कसे

सगळ्यात साधा मार्ग म्हणजे सकाळचा पेपर. सकाळ, लोकसत्ता, मटा यांच्या पुणे पुरवणीत आज शहरात काय काय आहे त्याची बारीक टायपातली यादी येते, तिच्यात व्याख्यानं, पुस्तक प्रकाशनं, सत्कार यांच्या गर्दीत गाण्याचे कार्यक्रम लपलेले असतात. बुकमायशोवर फक्त तिकिटाचे आणि मोठे कार्यक्रम दिसतात, तेवढ्यावर राहिलात तर पुण्यातलं अर्धंअधिक गाणं तुम्हाला कळणारच नाही. बाकी सगळं व्हॉट्सअपवर चालतं. पहिल्या कार्यक्रमाला गेलात की दारात टेबलावर एक वही ठेवलेली असते, नाव आणि मोबाईल नंबर लिहा, पुढची आमंत्रणं आपोआप यायला लागतात आणि मग थांबत नाहीत, तेवढी तयारी ठेवा.

पत्रिकेवर जे लिहितात त्याचा अर्थ आधी समजून घ्या. 'प्रवेश विनामूल्य' म्हणजे खरंच विनामूल्य, आत कोणी पावती फाडायला येत नाही. 'काही जागा राखीव' म्हणजे पुढच्या दोन-तीन रांगा, तिथे बसू नका, उठवतात, आणि उठवणारे काका फार गोड बोलतात असं नाही. 'सन्मानिका आवश्यक' म्हणजे पैसे नाहीत पण पास आधी जाऊन घ्यायला हवा, कुठे आणि कधी मिळेल ते खाली छापलेलं असतं आणि लोकप्रिय कार्यक्रमाचे पास पहिल्याच दिवशी संपतात. 'देणगी प्रवेशिका' म्हणजे सरळ तिकीट. नाट्यगृहाच्या खिडकीवर तिकीट घेणार असाल तर सकाळी नाहीतर संध्याकाळी जा, दुपारी खिडकी बंद असण्याची शक्यता जास्त, आणि हे पुणं आहे त्यामुळे त्यावर चर्चा करू नका.

वर्षाचा अंदाज असा ठेवा. जुलैत गुरुपौर्णिमेच्या आसपास जवळजवळ प्रत्येक गुरूच्या क्लासचा कार्यक्रम असतो, शिष्य गातात आणि शेवटी गुरू. नवख्या माणसाला याहून चांगली जागा नाही, कारण शिष्य पंधरा-वीस मिनिटंच गातात, एका संध्याकाळी पाच-सहा राग कानावरून जातात, आणि कोण कच्चं आहे कोण पक्कं आहे ते काही न शिकताही कळायला लागतं. गणपतीत मंडळांचे कार्यक्रम. दिवाळीत पहाटेचे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा खरा सीझन, सवाई त्यातच आणि वसंतराव देशपांड्यांच्या स्मरणार्थ होणारा वसंतोत्सवही. मे महिना मात्र थंड, अर्धे कलाकार परदेश दौऱ्यावर असतात.

हॉल कुठला धरायचा

शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच छोटासा आहे, मुळात प्रायोगिक नाटकांसाठी प्रसिद्ध, पण तिथे गाणंही होतं आणि तुम्ही शेवटच्या रांगेत बसलात तरी कलाकार समोरच असतो. शनिवार पेठेतच गांधर्व महाविद्यालय, विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली सुरू केलेलं. सेनापती बापट रोडवर भारतीय विद्या भवनचं सरदार नातू सभागृह आहे, तिथले इन्फोसिस फाउंडेशनबरोबरचे कार्यक्रम बहुतेक विनामूल्य असतात, शास्त्रीय, सुगम, नृत्य सगळं, आणि रोजचे ठरलेले श्रोते इतके आहेत की खुर्च्या जणू नावावर झाल्यात. नवी पेठेत एस. एम. जोशी सभागृह. विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात अंगणमंच म्हणून मोकळ्यावरचं स्टेज आहे, विद्यार्थ्यांचे कार्यक्रम तिथे बघा, वातावरण एकदम सैल असतं आणि तुमच्या वयाची मंडळी भेटतात. बाकी ठिकाणी तुम्ही तिशीतले असाल तर हॉलमधले सगळ्यात तरुण तुम्हीच, हे आधीच सांगून ठेवते.

मोठी नाट्यगृहं म्हणजे जंगली महाराज रोडचं बालगंधर्व, टिळक रोडचं टिळक स्मारक मंदिर, सदाशिव पेठेतलं भरत, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण, स्वारगेटचं गणेश कला क्रीडा मंच. बालगंधर्वची पायाभरणी खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झालेली, १९६२ साली, आणि १९६८ मध्ये उद्घाटन झालं तेव्हा ते हयात नव्हते. तिथे नाट्यसंगीताचा कार्यक्रम लागला तर जरूर जा, पदं येणारी पिढी अजून प्रेक्षागृहात आहे आणि वन्स मोअर अजून मिळतो. ख्याल ऐकायला मात्र मला ते फार मोठं वाटतं. ही माझी आवड, बालगंधर्ववर प्रेम करणाऱ्यांनी रागावू नये.

पोचायचं कसं आणि कधी

कार्यक्रम सहाला म्हणजे सहाला. लग्नाचा मुहूर्त टळेल पण इथल्या छोट्या संस्थांचे कार्यक्रम फारसे टळत नाहीत, आणि दीपप्रज्वलन, मनोगत, सत्कार यात वीसेक मिनिटं जातात म्हणून उशिरा गेलं तरी चालेल असा हिशोब करू नका, कारण तोपर्यंत जागा गेलेल्या असतात. विनामूल्य कार्यक्रमाला अर्धा तास आधी. खुर्चीवर रुमाल, पिशवी, छत्री किंवा घडी केलेला पेपर ठेवलेला असेल तर ती जागा धरलेली आहे असं समजायचं, रुमालाचा मालक बाहेर चहा पीत असला तरी.

हिंजवडी, वाकड, खराडीकडून कामाच्या दिवशी येणार असाल तर सरळ सांगते, साडेपाचला ऑफिसमधून निघून सहाच्या कार्यक्रमाला पोचणं होत नाही. शनिवार-रविवार धरा, विशेषतः रविवार सकाळ, रस्ते मोकळे असतात. बालगंधर्वला मेट्रोने आलात तर छत्रपती संभाजी उद्यान स्टेशनला उतरा, तिथून चालत थोडंच अंतर आहे. भरत किंवा टिळक स्मारकसाठी मंडई किंवा स्वारगेट स्टेशन आणि पुढे रिक्षा, किंवा पायी. पेठांमध्ये चारचाकी आणण्याचा विचार सोडून द्या. दुचाकी लावताना सम-विषम तारखेची पाटी बघा, नाहीतर मैफल रंगली असताना बाहेर टोइंगचा टेम्पो येतो.

आत बसल्यावर काय चाललंय ते कसं समजायचं

पडदा उघडला की लगेच गाणं सुरू होत नाही आणि नवीन माणूस इथेच कंटाळतो. थांबा, बघण्यासारखं आहे. तबलजी हातोडीने तबल्याच्या कडेवर टकटक करतोय, गायिका असेल तर पट्टी, म्हणजे तिचा सा, बहुधा पेटीवरची काळी चार-पाच, गायक असेल तर काळी एक-दोनच्या आसपास, त्या षड्जाला, म्हणजे सा-ला, तबला मिळवायचा चाललाय, कडेचा एक घाट सुरात लागतो तोवर समोरचा उतरतो, मग पुन्हा फिरवून टकटक. मागे दोन तानपुरे, बहुतेक वेळा शिष्यांच्या हातात. तानपुऱ्याची पहिली तार पंचमाला (प), मधल्या दोन षड्जाला आणि शेवटची जाड तार खर्जाला, म्हणजे खालच्या सा-ला. आता गंमत बघा, पहिली तार मध्यमाला (म) लावली असेल तर पंचम नसलेला राग येणार हे गाणं सुरू व्हायच्या आधीच कळतं, मालकंस वगैरे. शेजारचे आजोबा "आज मालकंस दिसतोय" म्हणतात तो चमत्कार नसतो, त्यांनी तार ऐकलेली असते.

मग विलंबित, म्हणजे संथ ख्याल. ताल बहुतेक एकताल, मात्रा बारा, पण इतक्या संथ लयीत की एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पाऊण मिनिट नाहीतर मिनिटभर चालतं. बाराही मात्रा मोजत बसू नका, झोप येईल. फक्त सम पकडा. गायक बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ घेतो, तबला जरा भरायला लागतो, हार्मोनियमवाला मान वर करतो आणि सगळे मिळून एका जागी उतरतात, ती सम. हॉलमधल्या पन्नास माना एकदम हलतात, त्यावरूनही कळतं. पहिली दहा मिनिटं चुकेल, मग आपोआप तुमचीही मान हलायला लागेल, आणि तिथून पुढे गाणं बदलतं, म्हणजे गायक तेच गातोय पण तो आता किती लांब गेलाय आणि परत कसा येणार याची उत्सुकता लागते. माझ्या मते एवढं एक जमलं की बाकी घराणी, श्रुती, वादी-संवादी नंतर बघता येतं, आणि नाही बघितलं तरी काही बिघडत नाही.

विलंबितानंतर द्रुत, म्हणजे जलद ख्याल, बहुतेक तीनताल, मात्रा सोळा. इथे हाताने धरून बघा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी आणि नवव्याला हात उलटा, ती काल. मांडीवर हळूच, आवाज न करता. मग कधी तराणा, त्यात शब्दांऐवजी नुसते बोल असतात. मध्यंतर. उत्तरार्धात दुसरा छोटा राग, ठुमरी किंवा नाट्यपद, अभंग, आणि शेवटी भैरवी. भैरवी सुरू झाली म्हणजे कार्यक्रम संपत आला, तिच्यानंतर सहसा कोणी काही गात नाही.

दाद, मोबाईल आणि उठून जाणं

दाद द्यायला लाजू नका, पण कुठे ते बघा. एखादी जागा सुंदर लागली तर हलकंसं "वा" किंवा "क्या बात है" चालतं, उलट कलाकाराला ते हवंच असतं. मधेच कडाडून टाळ्या मात्र ख्यालाच्या संथ भागात विचित्र वाटतात. तबल्याचा तुकडा झाला, जोरकस तिहाई, म्हणजे तीनदा वाजवलेला एकच तुकडा, समेवर आली, तर टाळ्या वाजवायला हरकत नाही, सगळेच वाजवतात. आवडलं नसेल तर गप्प बसायचं, पुण्यातला श्रोता असंच करतो आणि ते कलाकाराला बरोबर पोचतं.

मोबाईल सायलेंट नाही, बंदच करा किंवा एअरप्लेन मोडवर टाका. रेकॉर्डिंगला बहुतेक ठिकाणी बंदी असते आणि ती पाळा, आणि फोटोसाठी फ्लॅश तर नकोच. उठून जायचं असेल तर एक राग संपून दुसरा सुरू व्हायच्या मधे जा. भैरवी चालू असताना गाडी काढायला घाईने निघणारे लोक सगळीकडे दिसतील, त्यांच्यातले होऊ नका, पार्किंगमधून दहा मिनिटं आधी सुटून घरी जाऊन असं काय करायचंय? चिप्सचं पाकीट, कॅरीबॅग, रेनकोटची चेन, यांचा आवाज शांत हॉलमध्ये किती मोठा होतो ते तिथेच कळेल, म्हणून सगळं आधी आवरून बसा.

दहाची भानगड

उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद, असा नियम २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांपासून आहे. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. बंद सभागृहाला हा नियम तसा लागू नाही. याचा गाण्यावर झालेला परिणाम फारसा कोणी नवख्या माणसाला सांगत नाही. हिंदुस्थानी रागांना प्रहर ठरलेले आहेत, तोडी सकाळचा, पूरिया धनाश्री दिवस मावळतानाचा, यमन त्यानंतर, आणि दरबारी, मालकंस, अडाणा रात्र चढल्यावरचे. पूर्वी सवाई रात्रभर चालायचा, पहाटे ललित, भैरव, मग तोडी असं ऐकून लोक उजाडल्यावर घरी जायचे. आता मोकळ्या मैदानातल्या महोत्सवात संध्याकाळचेच राग फिरून फिरून ऐकू येतात. म्हणून मध्यरात्रीचा राग त्याच्या वेळेला ऐकायचा असेल तर खासगी बैठक, आणि सकाळचा ऐकायचा असेल तर रविवार सकाळचे हॉलमधले कार्यक्रम किंवा दिवाळी पहाट. दिवाळी पहाटेला अभ्यंगस्नान करून नवे कपडे घालून पाच-साडेपाचला दारात उभं राहायची तयारी पाहिजे, आणि पास आठवडाभर आधी हातात हवा. बहुतेक ठिकाणी भावगीतं-भक्तिगीतंच असतात, शास्त्रीय असेल तर पत्रिकेत तसं लिहिलेलं असतं, बघून घ्या.

आता सवाई

चार-सहा छोट्या मैफली ऐकून झाल्या की डिसेंबरात सवाईला जा, तेव्हा मजा येईल. भीमसेन जोशींनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ साली हा सुरू केला, आर्य संगीत प्रसारक मंडळ तो करतं, आणि २०११ मध्ये भीमसेनजी गेल्यानंतर नावात त्यांचंही नाव आलं. पूर्वी वर्षानुवर्षं रमणबाग शाळेच्या मैदानात व्हायचा, हल्ली मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर पाच दिवस असतो. स्वारगेट मेट्रोला उतरून रिक्षा करा.

सगळ्या दिवसांचं सीझन तिकीट मिळतं आणि एकेका दिवसाचंही. नवीन असाल तर एकच दिवस घ्या, आणि कलाकारांची यादी बघून घ्या, त्यातही एक तरी नाव तुम्ही न ऐकलेलं असू दे, कारण पहिल्यांदा गाणारी तरुण मंडळी जीव ओतून गातात. खुर्ची महाग, भारतीय बैठक स्वस्त, आणि भारतीय बैठकीतच खरी मजा आहे, पण गुडघे शाबूत असतील तर. एक पातळ चटई, स्वेटर, मफलर आणि पाण्याची बाटली न्या. दुपारी ऊन लागतं आणि आठनंतर हुडहुडी भरते. खाण्याचे स्टॉल बाहेर आहेत, दोन कलाकारांच्या मधल्या वेळात तिथे झुंबड उडते, त्यामुळे शहाणी माणसं जो कलाकार ऐकायचा नाही त्याच्या वेळेत खाऊन घेतात. हे थोडं क्रूर आहे, पण सगळे करतात. शेवटच्या दिवशी शेवटी सवाई गंधर्वांच्या आवाजातली जुनी रेकॉर्ड लावतात, त्यासाठी थांबा.

शास्त्रीय नकोच असेल तर

सदाशिव पेठेत नारद मंदिर आहे, तिथे कीर्तन ऐका. पूर्वरंग, उत्तररंग, पेटी-तबला, मधे गाणी आणि विनोद, आणि शेवटी आरतीचं ताट फिरतं त्यात यथाशक्ती टाकायचं. ऐकल्यावर कळतं की नाट्यसंगीताचे कान इथेच तयार झाले असणार. लावणीचे शो बालगंधर्वला लागतात, तिकीट काढून जा, जवळून ऐकलेली ढोलकी वेगळीच असते. ऑगस्टमध्ये संध्याकाळी नदीकाठाने ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, तो फुकट आहे आणि टाळायचा म्हटला तरी टळत नाही.

रॉक, इंडी, जॅझवाल्यांनी कोरेगाव पार्क, मुंढवा, बाणेरकडे बघावं. एनएच सेव्हन वीकेंडर २०१० साली पहिल्यांदा झाला तो पुण्यातच, तेव्हापासून बँडवाल्यांचा इथे चांगला राबता आहे. पबमधल्या गिगला आयडी बरोबर ठेवा, महाराष्ट्रात बीअर-वाइनसाठी वय एकवीस आणि बाकी दारूसाठी पंचवीस, दारात विचारतात. कव्हर चार्ज किती आणि तो खाण्यापिण्यात वळता होतो का हे फोन करून आधीच विचारा. इन्स्टावर नऊ लिहिलं असेल तर बँड दहाला स्टेजवर येतो, सुदर्शनला असं कोणी केलं तर काय होईल याची कल्पना करवत नाही.

शेवटी, बैठकीत शिरकाव

कार्यक्रम संपला की ग्रीनरूममध्ये जायला घाबरू नका, दार बहुतेक उघडंच असतं. वाकून नमस्कार करा आणि सरळ विचारा, बुवा किंवा ताई, मध्यंतरानंतर गायलात तो राग कुठला होता? वय बघून ताई, दादा, बुवा म्हणायचं, पंडितजी फार जवळीक नसताना. कोणालाही हा प्रश्न बावळट वाटत नाही, उलट दोन मिनिटं बोलतात. हळूहळू नेहमीचे श्रोते तुम्हाला ओळखायला लागतात आणि कधीतरी कोणी काकू विचारतात, शनिवारी आमच्याकडे बैठक आहे, येणार का? नाही म्हणू नका.

घरगुती बैठकीला चपला बाहेर, सतरंजीवर जागा, भिंतीला टेकून बसायची जागा वयस्करांची. माइक नसतो किंवा अगदी नावाला असतो, त्यामुळे खोकला आला तर बाहेर जा. पाय कलाकाराच्या दिशेला पसरू नका. तिकीट नसतं, कोपऱ्यात एक पेटी किंवा पाकीट ठेवलेलं असतं, त्यात काय टाकायचं ते कोणी बघत नाही पण रिकाम्या हाताने येऊ नका. मध्यंतरात चहा आणि बहुतेक वेळा उपमा किंवा बटाटेवडा, कप स्वतः उचलून आत नेऊन ठेवायचा. आणि येतो सांगून यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करा, घरातल्या तीस-चाळीस माणसांच्या खोलीत तुमची जागा धरून ठेवलेली असते आणि बाहेर कोणीतरी ती मिळायची वाट बघत असतं.